भंगाराचा टेम्पो येण्याआधी : बंद कारखान्यातल्या वस्तू गोळा करणाऱ्या नवोदितांसाठी

कोल्हापूरच्या उद्यमनगरातली एक जुनी फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) बंद झाली होती. मालकांच्या मुलाचा फोन आला, "परवा भंगारवाला येतोय, काय बघायचं असेल तर उद्याच या." आम्ही तिघं गेलो. पॅटर्नच्या, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा घेतात त्या लाकडी नमुन्यांच्या, खोलीत एका कपाटाच्या वरच्या खणात स्टीलची पट्टी सापडली. सहज माझ्या पट्टीला लावून बघितली, तर बारा इंचाच्या खुणेपाशी ती एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढं गेलेली. चुकीची असणार असं समजून मी ती बाजूला ठेवली. तिथंच चाळीस वर्षं पॅटर्न केलेले एक मेस्त्री दारात उभे होते. ते म्हणाले, "आरं, चुकीची न्हाई ती. बीड गार झालं की आकसतंय. फुटाला एक सूत. म्हणून पॅटर्नची पट्टी मोठीच असतीया." बीड म्हणजे ओतीव लोखंड.

मेस्त्री त्या दिवशी तिथं नसते, तर ती पट्टी किलोच्या भावानं गेली असती. आणि मी ती घरी आणलीही असती, तरी तिचा अर्थ दारातच राहिला असता. वस्तू कुठं होती, कुणाच्या हातात होती आणि कशासाठी होती, हे तिच्याबरोबर आलं नाही तर आपण फक्त वजन उचलून आणतो. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका गोष्टीभोवतीच आहे.

कोल्हापूर म्हटलं की देऊळ, तालीम आणि रस्सा एवढंच बाहेरच्यांना आठवतं. पण हे यंत्रांचंही गाव आहे. १८९१ मध्ये इथं रेल्वे आली, १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि १९०६ मध्ये कापडगिरणी काढली. कोटीतीर्थाजवळच्या त्या गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं अजून भेटतात. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा याच गावात बनवला. पुढं उद्यमनगरात ऑइल इंजिनं ओतली गेली, ती विहिरीवर आणि गुऱ्हाळावर धडधडली. आता शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत काम चालू आहे, पण शहरातल्या जुन्या शेड एकेक करून पडतायत आणि तिथं फ्लॅट उभे राहतायत. म्हणून घाई आहे. ती घाई कशात करायची आणि कशात करायची नाही, ते पुढं सांगतो.

पहिलं काम : कागदावर परवानगी

बंद कारखाना म्हणजे बेवारस कारखाना नव्हे. भिंतीवरून उडी मारून आणलेली वस्तू चोरीची असते, ती कितीही प्रेमानं जपली तरी. शाहू मिलसारखी, म्हणजे वर सांगितलेल्या कापडगिरणीसारखी, जागा तर सरकारी आहे. तिथला एक धोटाही (मागावरचं शटल) खिशात घालायचा नाही.

खासगी कारखान्यात मालकी नक्की कुणाची, हे आधी विचारा. भावाभावांत वाद असतो, बँकेनं सील केलेलं असतं, कधी प्रकरण अवसायकाकडं (लिक्विडेटरकडं) गेलेलं असतं. एका भावानं "घेऊन जा की" म्हटलं आणि दुसऱ्यानं पोलिसांत अर्ज दिला, असं होऊ शकतं. एका पानाचं दानपत्र पुरतं. त्यात देणाऱ्याचं नाव आणि मालकीचा आधार, वस्तूंची यादी, वस्तू कायमची दिली की सांभाळायला, फोटो आणि कागद छापायला परवानगी आहे का, आणि पुढं एखाद्या संग्रहालयाला देता येईल का, एवढं असावं. वारस अनेक असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या. सही करताना मालकांना जरा वाईट वाटतं, काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. त्या वेळी घाई करू नका, चहा घ्या.

कायद्याच्या दोन गोष्टी डोक्यात ठेवा. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्यात १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. आणि पाया खणताना जमिनीत दडलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कोल्हापूरच्या मातीत काय निघेल सांगता येत नाही. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सातवाहनकाळचं गाव निघालं, तिथल्या वस्तू आज टाउन हॉलच्या संग्रहालयात आहेत.

आत शिरताना

एकट्यानं जायचं नाही. जाड तळव्याचे बूट, हेल्मेट, हातमोजे, चांगली बॅटरी, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. फाउंड्रीत मोल्डिंगच्या वाळूची बारीक धूळ असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. साधा रुमाल तिथं कामाचा नाही, एन-९५ मास्क लावा आणि कोरडा झाडू मारू नका.

जुन्या बॉयलरवर आणि वाफेच्या नळांवर पांढुरका, तंतूंचा लेप दिसला तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याला हात लावायचा नाही, खरवडायचा नाही, फोटो घेऊन मागं फिरायचं. जुने ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, प्लेटिंगच्या टाक्या, पाऱ्याचे गेज हेही तसेच सोडा. बाकी सापाचं सांगायला नको. पत्र्याच्या ढिगाखाली हात घालण्याआधी काठीनं हलवून बघा. शेडमधल्या खड्ड्यांवर टाकलेल्या फळ्या कुजलेल्या असतात, त्यावर पाय देऊ नका.

हात लावण्याआधी लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

पहिल्या कामात मी जी चूक केली, तिची भरपाई आजवर झालेली नाही. संध्याकाळ होत आली होती, टेम्पोवाला घाई करत होता, म्हणून आम्ही पॅटर्न आणि कोअर बॉक्स (ओतीव वस्तूत पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, करायच्या पेट्या) एकावर एक रचून भरले. मांडणीवर प्रत्येक पॅटर्नच्या शेजारीच त्याचा कोअर बॉक्स होता. ज्या मेस्त्रींनी तो क्रम लावला, त्यांनी तीस वर्षं तो मोडला नव्हता. आम्ही तो एका तासात मोडला. नंतर कितीतरी रविवार जमिनीवर मांडून जोड्या लावल्या, तरी बरेच कोअर बॉक्स अजून पोरके आहेत. मांडणीचा एक फोटो घेतला असता तर हे टळलं असतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी दारात उभं राहून पूर्ण खोलीचे फोटो घ्या, चारही कोपऱ्यांतून. मग प्रत्येक भिंत, प्रत्येक मांडणी, प्रत्येक खण. ड्रॉवर उघडला की आतलं काही हलवायच्या आधी वरून फोटो. आलेख कागदावर खोलीचा नकाशा काढा : उत्तर कुठं, दार कुठं, लेथ कुठं, भट्टी कुठं, खिडकीचा उजेड कुठून येतो. पावलांनी मोजलं तरी चालेल, पण मोजा. यंत्रांना नकाशात क्रमांक द्या. शेडच्या वर लोखंडी शाफ्ट आणि पुल्या दिसल्या तर कुठल्या पुलीवरून कुठल्या यंत्राला पट्टा जात होता, ते रेषेनं दाखवा. एका मोटरवर सगळी शेड कशी चालायची हे एखादं यंत्र नेऊन कधीच कळत नाही, त्या नकाशावरूनच कळतं.

त्यानंतर एकेका वस्तूचा फोटो, शेजारी पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी ठेवून. चिठ्ठीवर पेन्सिलनंच लिहा, शाई ओलीत पसरते. चिठ्ठी सुती दोऱ्यानं बांधा. रबरबँड आणि चिकटपट्टी वर्षभरात वितळतात आणि डाग पाडतात.

भिंतीकडं बघायला विसरू नका. खडूनं लिहिलेले हिशोब, दारामागं पेन्सिलनं लिहिलेली उधारी, पोरांच्या उंचीच्या खुणा, "शनिवारी भट्टी" अशी सूचना. भिंत नेता येत नाही, पण तिरका उजेड टाकून काढलेला फोटो नेता येतो.

आणि एका लेथच्या हेडस्टॉकवर मला जे दिसलं ते सांगतो. खंडेनवमीला दरवर्षी लावलेलं हळदकुंकू, त्यावर तेलाचा थर, त्यावर पुन्हा पुढच्या वर्षीचं हळदकुंकू. कडेला तो थर नखाइतका जाड झाला होता आणि एका ठिकाणी पोपडा निघाला तिथं पिवळ्या-लाल रेघा एकाखाली एक दिसत होत्या, झाडाच्या वर्तुळांसारख्या. आमच्यातल्या एकानं रॉकेलचा बोळा उचलला होता. मी त्याचा हात धरला. तो थर म्हणजे त्या यंत्रावर कुणीतरी ठेवलेल्या निष्ठेची नोंद आहे, घाण नव्हे. तो तसाच ठेवायचा.

काय घ्यायचं, काय सोडायचं

सगळं घेता येणार नाही, आणि घ्यायचंही नाही. दहा बाय बाराच्या खोलीत एक पॉवर हॅमर मावत नाही.

माझी पसंती अशी आहे. स्थानिक बनावटीचं आधी : ज्यावर ओतीव अक्षरांत कारखान्याचं नाव आणि "कोल्हापूर" आहे, ते. विलायती लेथ जगात हजारो आहेत, पण इथल्या मेस्त्रीनं त्याच्यासाठी घरी बनवलेला जिग (काम धरून ठेवणारं साधन) एकच आहे. हाताशी बनवलेली अवजारं, गेज, पट्ट्या, मूठ घासून गुळगुळीत झालेली कानस, डाव्या हाताच्या माणसानं उलटा बसवलेला स्क्रू, या वस्तू भंगारवाल्याला एक रुपया देत नाहीत आणि आपल्याला सगळ्यात जास्त सांगतात.

बिघडलेला माल घ्या. अर्धवट भरलेलं, हवा अडकून भोकं पडलेलं एखादं कास्टिंग कुणी जपत नाही, पण ओतकाम किती अवघड होतं ते त्यावरूनच दाखवता येतं. एकसारख्या वीस वस्तू असतील तर तीन घ्या : नवी, वापरलेली आणि झिजून टाकलेली. गिरणीच्या धोट्याच्या बाबतीत हे फार चांगलं दिसतं, टोकाचं लोखंड आणि बाजूचं लाकूड कसं झिजत जातं ते.

कागद मात्र शक्य तेवढे सगळे घ्या. हजेरीपुस्तकं, पगारपत्रकं, कामगारांच्या तिकीट नंबरची यादी, पॅटर्नचं रजिस्टर, भट्टीची नोंदवही, कोटेशन, जाहिरातपत्रकं, युनियनच्या नोटिसा, सहलीचे आणि पूजेचे फोटो. यंत्र गेलं आणि रजिस्टर राहिलं तरी कारखाना समजतो, उलटं झालं तर फार थोडं समजतं. यात कामगारांची खासगी माहितीही असते : कर्ज, आजारपण, शिस्तभंगाची नोटीस. माणसं किंवा त्यांची मुलं याच गावात राहतात. असे कागद जपायचे, पण खुलेआम मांडायचे नाहीत.

मोठी यंत्रं न्यायची की नाही, हे जागा आणि पैसे बघून ठरवा. न्यायचं नसेल तर नीट मोजमाप, फोटो आणि चालतं असेल तर व्हिडिओ करून निरोप द्या. यात कमीपणा काही नाही.

माणसांना शेडमध्येच बोलवा

मुलाखत घरी बसून घेतली की माणूस आठवणी सांगतो. तीच शेडमध्ये घेतली की तो हातानं दाखवतो. रिकाम्या जागेत उभं राहून लॅडल (वितळलेलं बीड ओतायचं भांडं) कसा धरायचा, पाय कुठं ठेवायचा, ओतताना कोण ओरडायचं, हे सगळं अंगातून येतं. शेड पडायच्या आत एकदा तरी जुन्या कामगारांना तिथं न्या. वय झालेलं असतं, रिक्षाची आणि खुर्चीची सोय तुम्ही करा.

प्रश्न साधे विचारा. "पाळीवर आल्यावर पहिलं काम काय?" "जेवायला कुठं बसत होता?" "हे अवजार कुणाकडून शिकलात?" "हात कधी भाजला?" "उद्योगाचं योगदान" वगैरे विचारलं की भाषण मिळतं. बायकांना विचारा. वाळू चाळणाऱ्या, कोअर करणाऱ्या, गिरणीत कांड्या भरणाऱ्या बायका असायच्या, त्यांची नावं रजिस्टरात सापडत नाहीत आणि कुणी विचारतही नाही. त्यांचा एक शब्दही सोडू नका. शब्दांची वेगळी वहीच ठेवा : बीड, कुपोला, रनर, खाते, जॉबर, बदली, धोटा, साचा. उच्चार जसा ऐकला तसा लिहा, सुधारून नको.

फोनवर रेकॉर्ड केलं तरी चालतं, पण फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा आणि सुरुवातीला तारीख, जागा आणि माणसाचं नाव मोठ्यानं बोला. संमतीची सही घ्या. फाइलच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात.

हलवणं

बीड कडक असतं, पण ठिसूळ. पडलं तर वाकत नाही, फुटतं. ओतीव हँडलला दोर बांधून यंत्र कधी उचलू नका, पायथ्याखालून पट्टा घाला. जड यंत्राला उद्यमनगरातला माहीतगार हायड्रावाला (क्रेनवाला) बघा. थोडे पैसे वाचवायला चार पोरं आणि एक पहार घेऊन केलेलं काम महागात जातं, आणि बोटं जातात ती वेगळीच.

यंत्र खोलावं लागलं तर प्रत्येक टप्प्याला फोटो घ्या. नट-बोल्ट त्या त्या भागाच्या कापडी पिशवीत, पिशवीला चिठ्ठी. जाम झालेल्या बोल्टवर घाव घालू नका. डिझेल-तेलाचं मिश्रण सोडून दोन-तीन दिवस थांबा, पुन्हा सोडा. खुणा करायला पंच वापरू नका, चिठ्ठ्याच बांधा, नाहीतर आपल्या खुणा आणि मेस्त्रींच्या खुणा एकमेकांत मिसळतात.

इंजिन आणलं की ते सुरू करायचा मोह होतो. आवरा. वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन फिरला की आतून ओरखडे पडतात. आधी जुनं डिझेल आणि तेल काढा, थोडं जुनं तेल बाटलीत भरून नोंद करून ठेवा, वरून नवं तेल सोडा, काही दिवसांनी फ्लायव्हील हातानं हळू फिरतं का ते बघा. सुरू करायचं की नाही, ते एखाद्या जाणत्या इंजिन मेस्त्रीला विचारूनच ठरवा.

साफसफाई : कमी केलेली बरी

नवीन माणसाच्या हातून सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, आणि तेही प्रेमापोटी. वस्तू चकचकीत करणं आणि जपणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

लोखंड आणि बीड. पाणी लावायचं नाही. मऊ ब्रशनं धूळ काढा, घट्ट ग्रीस बांबूच्या किंवा लाकडाच्या पट्टीनं खरवडा, मग उघड्यावर बसून सुती फडक्याला थोडं रॉकेल घेऊन पुसा. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा, मूळ रंग सुटत असेल तर तिथंच थांबा. वायर ब्रश, ग्राइंडर आणि सँडब्लास्टिंगचं नाव काढू नका. काळपट, घट्ट गंज बसून राहिला तर राहू द्या. नारिंगी, बोटाला लागणारा, पोपडे सुटणारा गंज मात्र चालू आहे, तो ब्रशनं हळू काढून वस्तू पूर्ण कोरडी करा. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या आणि फडक्यानं चोळा. मशिनिंग केलेल्या उघड्या भागावर पातळ तेलही चालतं, पण त्यावर धूळ बसते, म्हणून ते झाकून ठेवा. नवा ऑइल पेंट मारू नका. त्याखाली जुना रंग, खडूचे आकडे आणि तपासनिसाचा शिक्का कायमचा जातो.

पितळ. कामगारांचे बिल्ले, नावाच्या पट्ट्या, गेजच्या तबकड्या पितळेच्या असतात. आजी चिंच-मीठ लावून तांब्या घासायची, ती सवय इथं सोडा. आंबटानं आणि राखेनं धातूचा थर निघतो आणि कोरलेले आकडे बुजत जातात. कोरडं मऊ फडकं पुरे. हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली तर ती वस्तू वेगळ्या डब्यात ठेवा.

लाकूड. पॅटर्नवरचे रंग उगाच नाहीत. कुठला भाग मशिनला जाणार, कोअर कुठं बसणार, हे त्या रंगांवरून मोल्डरला (साचा करणाऱ्याला) कळायचं. म्हणून पॉलिश, व्हार्निश, फेविकॉल काही नको. निखळलेला तुकडा त्याच चिठ्ठीच्या पिशवीत ठेवा. खाली बारीक पिवळसर पीठ पडलं तर भुंगा चालू आहे, तो पॅटर्न बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा. वाळवीची माती दिसली तर मांडणी भिंतीपासून सोडवा.

कागद. हात स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे करा. कागदाला हातमोज्यांपेक्षा स्वच्छ हात बरे, मोज्यानं पान फाटतं. वहीच्या शिलाईकडून बाहेरच्या दिशेनं मऊ ब्रश चालवा. गंजलेली टाचणी ओढू नका, खाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून ती उघडा. लॅमिनेशन कदापि नाही, फाटलं तिथं चिकटपट्टीही नाही. कसर लागलेल्या वह्या झिप पिशवीत बंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ ते २० अंशाला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं.

निळे नकाशे. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांच्या ब्लूप्रिंटला उजेड सोसत नाही आणि क्षारही सोसत नाही. साबणाचा हात, सोडा, "संग्रहासाठी खास" म्हणून मिळणारा अल्कलीयुक्त कागद, या सगळ्यानं निळा रंग उडतो. साध्या, आम्ल नसलेल्या आणि अल्कलीही न घातलेल्या कागदात गुंडाळून अंधारात ठेवा. अमोनिया प्रिंट (पांढऱ्या कागदावर गडद रेघांची नंतरची प्रत) ब्लूप्रिंटजवळ ठेवू नका. मेणकट कापडावर काढलेली ड्रॉइंग असतील तर त्यांना पाण्याचा थेंबही लावू नका, कांजी सुटते आणि रेघा सरकतात.

फोटो आणि फिल्म. फोटो कडेनं धरा, चिकट अल्बममधून ओढून काढू नका. काचेच्या निगेटिव्ह उभ्या ठेवा. कोल्हापुरात जुन्या स्टुडिओंशी संबंध असलेल्या घरांतून चित्रपटाच्या रिळांचे डबे निघतात. १९५० च्या आधीचं रीळ नायट्रेटचं असू शकतं आणि ते भयंकर पेट घेतं. चिकट झालेलं, तपकिरी, उग्र वासाचं रीळ घरात ठेवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला, आणि तोवर ते विस्तवापासून आणि उन्हापासून लांब, हवेशीर जागी ठेवा.

क्रमांक आणि वही

प्रत्येक वस्तूला एकच क्रमांक, कायमचा. वर्ष, जागेचं चिन्ह आणि अनुक्रम, उदाहरणार्थ २०२४-फ-०१७. वस्तू हरवली तरी तो क्रमांक दुसऱ्या वस्तूला देऊ नका. धातूवर लिहायचं तर न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा एक हात, त्यावर बारीक शाईनं क्रमांक, त्यावर पुन्हा एक हात. हा लेप ॲसिटोननं परत निघतो, म्हणून तो वापरायचा. नेलपॉलिश नको. कागदावर मऊ पेन्सिलनं कोपऱ्यात.

नोंदवही जाड कागदाची, बांधलेली. रकाने : क्रमांक, कारखान्यात ज्या नावानं ओळखायचे ते नाव, कुठं सापडली, कुणी दिली, कुणी वापरली, मापं, अवस्था, फोटोचा क्रमांक, आता कुठं ठेवली. संगणकावर एक्सेल ठेवाच, पण वही आधी भरा.

साठवण, आणि पंचगंगा

कोल्हापूरचा पावसाळा हा आपल्या संग्रहाचा सगळ्यात मोठा शत्रू. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते आणि लोखंडाला ५० च्या खाली बरं वाटतं. अख्खी खोली कोरडी ठेवणं आपल्या खिशाला परवडत नाही. म्हणून लहान लोखंडी वस्तू घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलिनच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. सिलिकाचा रंग बदलला की ती ओव्हनमध्ये १२० अंशाला सुकवून परत वापरता येते. निळीपेक्षा नारिंगी सिलिका घ्या, निळीत कोबाल्ट असतं. डब्यात छोटा आर्द्रतामापक टाका. लाकडाला आणि चामड्याला इतकं कोरडं मानवत नाही, ती हवेशीर मांडणीवर ठेवा. रबराचे पट्टे पितळेजवळ नकोत, पितळ काळं पडतं.

गुंडाळायला वर्तमानपत्र वापरू नका, त्याचं आम्ल उतरतं. मांजरपाट दोन-तीनदा धुऊन, कांजी काढून वापरा. स्वस्त आहे, मऊ आहे, आणि गिरणीच्या वस्तू गिरणीच्याच कापडात राहतात, याचं मला समाधान वाटतं.

मांडणी भिंतीपासून आणि जमिनीपासून किमान सहा इंच लांब. आणि जागा निवडताना पुराची रेषा बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत घराघरांत पाणी होतं. आमचे रजिस्टरांचे दोन गठ्ठे २०१९ ला एका तळमजल्यावर होते. पाणी ओसरल्यावर ते विटांसारखे जड झाले होते. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते, हे तेव्हा एकानं सांगितलं म्हणून काही वाचलं. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरमध्ये ते पिशव्यांत घालून गोठवले आणि मग आठवड्याला थोडे थोडे काढून, पानापानांत टीपकागद घालून, पंख्याखाली वाळवले. उन्हात वाळवलेले मात्र फुगले आणि चिकटले. तेव्हापासून कागद वरच्या मजल्यावर.

पुढं कुणाकडं

आपल्या घरातला संग्रह आपल्या आयुष्यापुरता. म्हणून सुरुवातीलाच यादीची एक प्रत घेऊन टाउन हॉलच्या संग्रहालयात, शिवाजी विद्यापीठात, कोल्हापूरच्या पुरालेखागारात जाऊन बोला. वस्तू लगेच घ्या असा आग्रह नको. नोंद कशी असावी, कुठले कागद त्यांच्या कामाचे, ते विचारा. ज्या संग्रहाची वही नीट आहे, त्याच्याकडं बघण्याची तऱ्हा वेगळी असते. नोंद नसलेला चांगला माल परत पाठवलेला मी पाहिला आहे.

वर्षाची कामं

मे महिन्यात सिलिका सुकवा, गळकं छप्पर बघा, कागद वर न्या. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी डबे बाहेरूनच बघा, उघडू नका. दसऱ्याच्या आसपास हवा कोरडी होते, तेव्हा एकेक वस्तू काढून वहीशी ताडून बघा, नवा गंज दिसला तर तारीख घालून लिहा, मेणाचा हात द्या. आम्ही हे खंडेनवमीला करतो. त्या दिवशी जुने मेस्त्री येतात, लेथला हळदकुंकू लावतात, जुन्या थरावरच. मग कुणीतरी एखादी चिठ्ठी वाचून म्हणतं, "हे चुकलंय, हा कोअर बॉक्स ह्याचा न्हाई, त्या पंपाचा." तेवढं वहीत लाल पेन्सिलनं दुरुस्त करायचं, बाजूला सांगणाऱ्याचं नाव लिहायचं. मागच्या वेळी दोन पोरक्या कोअर बॉक्सना जोडीदार मिळाले.